पंगतीतून उठलेला पेत्र

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ह्या त्रैक्य परमेश्वराला वंदन. लहानपणी ज्यांनी माझ्या हातात चिपळ्या दिल्या आणि शास्त्राची पानं उलटायला शिकवली, त्या माझ्या वडिलांना आणि गुरुजींना वंदन. टाळकरी, पेटीवाले, मृदंगावर बसलेले आमचे दादा, ह्यांना वंदन. सतरंजीवर, पोत्यावर, मिळेल त्या जागी बसून मध्यरात्रीपर्यंत जागणाऱ्या यात्रेकरू मायबापांना वंदन. आणि आता हे बोलणं कागदावर उतरलं आहे, तेव्हा घरी दिव्याखाली हे वाचत बसलेल्या भाविक वाचका, तुम्हालाही वंदन. तुम्ही माझ्यासमोर बसला आहात असं समजूनच मी बोलणार आहे. मला ग्रंथ लिहिता येत नाही, बोलताच येतं.

आजचं ध्रुवपद साधं आहे. कुणा संताचं नाही, माझंच आहे, म्हणून चूक असेल तर माझ्या पदरात घाला.

विश्वासाने घ्यावे, प्रीतीने द्यावे ।
ख्रिस्ताचे होऊनी ख्रिस्तासाठी जगावे ॥

(येथे सर्वांनी ध्रुवपद तीन वेळा म्हटले.)

भाविकहो, आपल्या नगर जिल्ह्यात हरेगावला दर सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते. लांबलांबून माणसं पायी येतात. टाचांना भेगा, पिशवीत भाकरी, काखेत लेकरू. अशा यात्रांतून कीर्तन संपलं की मला दोन माणसं हमखास भेटतात. माणसं दरवर्षी वेगळी, पण प्रश्न तेच.

पहिला म्हणतो, "बुवा, चाळीस दिवसांचा उपास पाळला. रविवार चुकवला नाही. पायी आलो, नवस फेडला. आता माझं तारण पक्कं ना?"

दुसरा म्हणतो, "बुवा, मी येशूवर विश्वास ठेवला. तारण झालं. आता हे उपास, हे नियम, हे चांगुलपण कशाला? ते सगळं वरवरचं."

एक नियमाला धरून बसला, दुसरा विश्वास ह्या शब्दाला धरून बसला. दोघंही माझे भाऊ. पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चर असतो, बरं का. एक ह्या चरात, दुसरा त्या चरात. बैलगाडी कुठल्याही चरात गेली तरी जू मोडायचंच. तर आज आपण मधला रस्ता कुठून जातो ते बघू. तारण म्हणजे काय, त्यात नियमशास्त्राचं काम काय, विश्वासाचं काय, आणि प्रीती कुठं बसते?

आधी नियमशास्त्राची बाजू घेतो, कारण आपल्या ख्रिस्ती प्रवचनांतून त्या बिचाऱ्याची फार निंदा होते. मोशेच्या द्वारे जे नियमशास्त्र मिळालं, त्यातल्या आज्ञा ज्यू परंपरा ६१३ मोजते. आपण म्हणतो, बापरे, केवढं ओझं! पण ज्यांना ते मिळालं त्यांना विचारा. सिम्हात तोरा नावाचा त्यांचा सण आहे. त्या दिवशी शास्त्राच्या गुंडाळ्या छातीशी धरून ते नाचतात. ओझं छातीशी धरून कोणी नाचतं का? आपल्याच कोकणातले बेने इस्राएल घ्या. तेलाचे घाणे चालवायचे, पण शनिवारी घाणा बंद. म्हणून गावानं त्यांना शनिवार तेली म्हटलं. शेकडो वर्षं ती माणसं आपल्या भाईबंदांपासून दूर, मराठी बोलत, मराठी वळणाने राहिली, पण शनिवार सोडला नाही. त्या एका दिवसाने त्यांना आपण कोण आहोत ह्याची आठवण राहिली. पुढं त्यांनीही मराठीत कीर्तनं केली. तेव्हा नियमशास्त्र म्हणजे शत्रू, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. पौल स्वतः म्हणतो की ते पवित्र आहे, चांगलं आहे.

आणि एक गोष्ट पाहा. दहा आज्ञा केव्हा मिळाल्या? इस्राएल लोक मिसर देशात गुलाम होते, विटा पाडत होते. तेव्हा देवानं मोशेला असं सांगून पाठवलं का, की आधी ह्या आज्ञा पाळून दाखवा, मग सोडवीन? नाही. आधी सोडवलं. समुद्रातून पार नेलं. आणि मग सीनाय डोंगरापाशी आज्ञा दिल्या. त्या आज्ञांची सुरुवातसुद्धा "हे करू नको" अशी होत नाही. मी तुला गुलामीतून काढलं आहे, ह्या आठवणीनं होते. आधी सुटका, मग शिस्त. आधी बाप लेकराला उचलून घेतो, मग घरची रीत शिकवतो. हा क्रम मनात ठेवा, पुढं कामाला येईल.

मग नियमशास्त्राचं काम काय? आपण शेतकरी माणसं, म्हणून शेतातलंच सांगतो. बाजार समितीत कांद्याचं पोतं काट्यावर ठेवलं. काट्यानं दाखवलं, पन्नास किलोला चार किलो कमी. आता काटा खोटा का? नाही, काटा खराच बोलतो. पण काट्यानं उरलेले चार किलो भरून दिले का? तो भरू शकत नाही. तुम्ही दिवसभर काट्यापुढं उभे राहा, त्याच्या पाया पडा, त्याला शिव्या घाला. पोतं आहे तेवढंच राहणार. नियमशास्त्र हा देवाचा काटा आहे. किती कमी पडलं ते दाखवतो. भरून देणारा वेगळा आहे.

भरून देणारा प्रभू येशू. आणि त्याच्या हातून घेणं, ह्याचंच नाव विश्वास.

(येथे ध्रुवपद.)

ह्यावर कोणी विचारील, बुवा, हे विश्वासाचं नवीन काढलंत की काय? नवीन नाही. पौलानं ह्याला अब्राहामाची साक्ष काढली, आणि ती साक्ष वकिलाला लाजवील अशी आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात १५ वा अध्याय उघडा. रात्र आहे, देव म्हाताऱ्या अब्राहामाला आकाशातले तारे दाखवतो आणि म्हणतो, एवढी तुझी संतती होईल. पोटी मूलबाळ नाही, तरी म्हाताऱ्यानं विश्वास ठेवला, आणि देवानं त्याला नीतिमान धरलं. बरं, सुंता कोणत्या अध्यायात? १७ व्यात. तेव्हा अब्राहाम ९९ वर्षांचा होता. म्हणजे देवानं जवळ घेतलं ते आधी, आणि अंगावरची खूण झाली ती पुष्कळ वर्षांनी. आणि मोशेचं नियमशास्त्र? पौल गलतीकरांना लिहितो, ते तर आणखी ४३० वर्षांनी आलं. जे नंतर आलं ते आधीचं वचन कसं मोडील? बापानं लेकाच्या नावानं खरेदीखत केलं, आणि मागाहून घरच्या कामांची वाटणी ठरली. एखाद दिवस काम चुकलं म्हणून खरेदीखत फाटत नाही.

पौलाचा आणखी एक दृष्टान्त आहे. त्या काळी श्रीमंताघरी मुलाला सांभाळायला एक गुलाम गडी असे. मुलाला शाळेत न्यायचं, आणायचं, वाटेत दंगा केला तर कान धरायचा. तो शिक्षक नव्हे, बापही नव्हे. मूल मोठं होईपर्यंतच त्याचं काम. पौल म्हणतो, नियमशास्त्र हा आपला तसा गडी होता. त्यानं बोट धरून ख्रिस्तापर्यंत आणून सोडलं. अंगणात पोचल्यावर लेकरानं गड्याचं बोट सोडावं आणि बापाच्या गळ्यात पडावं. पण गड्यानं वाटेत जे शिकवलं, खोटं बोलू नको, दुसऱ्याचं घेऊ नको, ते बापाच्या घरात गेल्यावर खोटं ठरतं का? उलट तिथं ते भीतीनं नाही, मायेनं घडतं.

इथं प्रीती आली. प्रभूला एकदा विचारलं, सगळ्यांत मोठी आज्ञा कोणती? प्रभूनं नवीन काही सांगितलं नाही. मोशेच्याच दोन आज्ञा उचलल्या. एक अनुवादातली, देवावर सर्वस्वानं प्रीती कर. दुसरी लेवीयातली, शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर. सगळं शास्त्र ह्या दोन खुंट्यांवर टांगलं आहे म्हणाला. आणि पौल गलतीकरांना लिहिता लिहिता असं एक वाक्य लिहून गेला की त्यात तिन्हींचा निकाल लागतो. त्याचा अर्थ माझ्या शब्दांत असा: ख्रिस्तामध्ये सुंता झाली काय नि न झाली काय, मोल आहे ते प्रीतीतून कामाला लागलेल्या विश्वासाला. विश्वास, आणि तो हातापायाला आलेला.

आता तो दुसरा माणूस आठवा, विश्वास ठेवला, बाकी कशाला, असं म्हणणारा. त्याला याकोबानं उत्तर देऊन ठेवलं आहे. याकोब म्हणतो, दारात भाऊ उघडा उभा आहे, बहीण उपाशी आहे, आणि तुम्ही तिला म्हणता, जा बाई, सुखानं जा, ऊब घे, पोटभर जेव. पण देत काहीच नाही. तर असा विश्वास मेलेला आहे. आणि पौलही करिंथकरांना तेच सांगतो: डोंगर हलवील एवढा विश्वास असला आणि प्रीती नसली, तर मी शून्य. पाहा हं, एवढा मोठा विश्वासवाला पौल, तोच शेवटी विश्वासापेक्षा प्रीतीला मोठी म्हणतो.

ह्याच जागी आपल्या मंडळीचे दोन तुकडे झाले, हे तुम्हाला ठाऊक आहे. १५१७ साली जर्मनीत मार्टिन लूथरनं वाद काढला. तारण पैशानं, कर्मकांडानं मिळत नाही, कृपेनं मिळतं, हे त्याचं म्हणणं. १५२२ साली त्यानं नव्या कराराचं जर्मन भाषांतर छापलं, त्यात रोमकरांच्या पत्रात एके जागी "केवळ" विश्वासानं, असा शब्द घातला, आणि याकोबाच्या पत्राला गवताच्या काडीची उपमा दिली. उलट बाजूनं कॅथलिक मंडळीच्या त्रेंत इथल्या धर्मसभेनं १५४७ साली ठराव केला की कृपा पहिली खरी, पण आशा आणि प्रीती ह्यांवाचून नुसता विश्वास माणसाला ख्रिस्ताशी पुरता जोडत नाही. साडेचारशे वर्षं भांडण चाललं. आणि मग १९९९ साली, ३१ ऑक्टोबरला, जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात कॅथलिक मंडळी आणि जगभरच्या लूथरन मंडळ्यांचा संघ, ह्या दोघांनी एका कागदावर सह्या केल्या. सार असं, की देव आपल्याला स्वीकारतो ते केवळ कृपेनं, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरच्या विश्वासानं, आपल्या पुण्याईनं नाही; आणि तोच आपल्याला पवित्र आत्मा देऊन सत्कर्माला लावतो. सगळे मतभेद मिटले असं नाही. पण ह्या मुद्द्यावर एकमेकांना शाप देणं संपलं. पुढं मेथडिस्ट आणि इतरही मंडळ्या त्यात आल्या. आपल्या गावांतून एका वाड्यात थोरला कॅथलिक, धाकटा प्रोटेस्टंट, आणि मधल्या भिंतीवरून बायका कालवणाची वाटी देतात. ते आपल्या बायांना आधीच कळलं होतं, विद्वानांना जरा वेळ लागला!

(येथे नामगजर, नंतर आख्यान.)

आता आख्यान ऐका. पेत्राचं आख्यान आहे.

अंत्युखिया नावाचं शहर. ओरोंतेस नदीच्या काठी, सूरिया प्रांताची राजधानी. आज ते तुर्कस्तानात आहे, अंताक्या म्हणतात. २०२३ च्या फेब्रुवारीत भूकंप झाला त्यात ते शहर पार कोसळलं, ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. त्याच अंत्युखियात येशूच्या शिष्यांना पहिल्यांदा ख्रिस्ती हे नाव पडलं. का पडलं असेल? मला वाटतं, लोकांना पंचाईत झाली असेल. ह्यांना ज्यू म्हणावं तर ग्रीक पण ह्यांच्यात जेवतात, ग्रीक म्हणावं तर ज्यू पण जेवतात. एका ताटाला सगळे. मग म्हणा ख्रिस्ताचे!

त्या पंगतीत पेत्र येऊन बसला. साधा माणूस नव्हे, प्रभूचा पहिला शिष्य. आणि त्याला हे बसणं कोणी शिकवलं होतं? खुद्द देवानं. यापो गावात दुपारी भुकेच्या वेळी गच्चीवर त्याला दृष्टान्त झाला होता. आकाशातून चादर उतरली, त्यात सगळे प्राणी, शुद्ध-अशुद्ध सगळे, आणि वाणी झाली की देवानं जे शुद्ध केलं त्याला तू अशुद्ध म्हणू नको. त्यानंतर कर्नेल्य नावाच्या रोमी शतपतीच्या घरी तो गेला, आणि पाहतो तर त्या परक्या माणसांवर पवित्र आत्मा उतरलेला. सुंता नाही, काही नाही, नुसतं ऐकलं, विश्वास ठेवला आणि आत्मा उतरला. म्हणजे पेत्राला सगळं ठाऊक होतं, बरं का. अज्ञान नव्हतं.

पंगत चालली होती. इतक्यात यरुशलेमेहून, याकोबाकडून, काही माणसं आली. कडक नियमाची माणसं. त्यांनी पेत्राला काही म्हटलं की नुसतं पाहिलं, पौलाच्या पत्रात तेवढं सांगितलेलं नाही. पण पेत्र घाबरला. हळूच मागं सरला. दुसऱ्या दिवशी त्या ताटाला आला नाही. त्याचं पाहून बाकीचे ज्यू बांधव उठले. शेवटी बर्णबासुद्धा उठला, आणि बर्णबा म्हणजे सगळ्यांना धीर देणारा मऊ माणूस!

माझ्या भावांनो, त्या वेळी त्या ग्रीक माणसांच्या मनात काय झालं असेल? काल ज्यानं माझ्या ताटातला तुकडा घेतला तो आज पलीकडे जाऊन बसला. कोणी शब्दानं बोललं नाही, पण पाठ बोलली. तू अजून अर्धाच आहेस. ख्रिस्त तुला पुरला नाही. आधी आमच्यासारखा हो, मग बस.

आपल्याला हे परकं नाही हो. पाट वेगळा, तांब्या वेगळा, विहीर वेगळी, हे ह्या मातीनं पाहिलं आहे. आपले रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई परत त्यांच्याकडे राहायला आल्या तेव्हा सोवळं सांभाळून आपला स्वयंपाक वेगळा करीत. पण त्या माउलीचा बाप्तिस्मा १९०० साली झाला, आणि शिवाशीव त्यांनी त्याच्या आधीच मनातून काढून टाकली होती. स्मृतिचित्रांत त्यांनी स्वतःच लिहिलं आहे. अंगावर पाणी पडायच्या आधी पंगत मोकळी झाली!

तर पौल उठला. हा पौल कोण? तार्सचा, आठव्या दिवशी सुंता झालेला, गमलीएलाच्या पायाशी शिकलेला परुशी. नियम कोणाला ठाऊक असतील तर त्याला. त्यानं पेत्राला सर्वांच्या देखत, तोंडावर धरलं. मतितार्थ असा: तू ज्यू असून कालपर्यंत ह्यांच्यासारखा राहिलास, आणि आज ह्यांना ज्यूंसारखं व्हायला भाग पाडतोस? नियम पाळून माणूस नीतिमान ठरत असता, तर ख्रिस्त उगाच मेला म्हणायचा!

आता नीट ऐका. पौल पेत्रावर रागावला तो कशासाठी? पेत्रानं तोंडानं खोटी शिकवण दिली नव्हती. विचारलं असतं तर त्यानं बिनचूक सांगितलं असतं, तारण विश्वासानं आहे. तोंडात विश्वास होता. पण पाय पंगतीतून उठले होते. म्हणजे नियमाचं भय आलं आणि प्रीती गेली. आणि प्रीती गेली त्या क्षणी विश्वास नुसता शब्द उरला.

ह्याच वादासाठी यरुशलेमेत प्रेषितांची आणि वडिलांची सभा भरली, इसवी सन ४९ च्या सुमारास. तिथं पेत्र उभा राहून बोलला, की जे जू आपल्या बापजाद्यांना वाहता आलं नाही ते ह्यांच्या मानेवर का घालता? आपलं काय नि ह्यांचं काय, तारण प्रभू येशूच्या कृपेनंच. आणि याकोबानं निकाल दिला, सुंतेची सक्ती नाही. मात्र मूर्तीला वाहिलेलं, रक्त, गळा दाबून मारलेलं आणि जारकर्म ह्यांपासून दूर राहा. पाहा, इथंही प्रीती दोन्हीकडून. ज्यूंनी परक्यांवर सुंता लादायची नाही, आणि परक्यांनी ज्यू भावाच्या घशाखाली घास उतरणार नाही असं ताट पुढं करायचं नाही.

अंत्युखियात पेत्रानं पौलाला काय उत्तर दिलं? पत्रात लिहिलेलं नाही. पण बायबलात पेत्राच्या नावानं जे दुसरं पत्र आहे, त्यात पौलाला प्रिय बंधू म्हटलं आहे. चारचौघांत ज्यानं कान धरला, त्याला प्रिय बंधू!

आणि मला पेत्राची दुसरी एक सकाळ आठवते. प्रभूला धरलं त्या रात्री अंगणातल्या शेकोटीजवळ पेत्रानं त्याला तीनदा नाकारलं होतं. तिथंही भयच. पुनरुत्थानानंतर समुद्रकाठी प्रभूनं पुन्हा कोळशाचा विस्तव केला, मासे भाजले, शिष्यांना जेवू घातलं, आणि मग पेत्राला तीनदा विचारलं. काय विचारलं? नियम किती पाळलेस? नाही. तुझी श्रद्धा किती मोठी? तेही नाही. माझ्यावर प्रीती करतोस का? आणि प्रत्येक वेळी पुढं एकच काम सांगितलं, माझी मेंढरं सांभाळ. आणि हे सगळं पोटभर जेवू घातल्यावर! आधी न्याहारी, मग प्रश्न, मग काम. मघाचा क्रम आठवा. आधी सुटका, मग शिस्त.

(येथे ध्रुवपद.)

हे आख्यान मी वीस वर्षं गावोगाव केलं. लोक रडायचे. आणि आता जे सांगतो ते सांगायला मला लाज वाटते, पण न सांगता हे आख्यान पुरं होत नाही.

आम्ही दोघं भाऊ. वडिलांनी खोदलेली विहीर सामाईक, सातबाऱ्यावर दोघांची नोंद. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पाळीवरून बोलणं व्हायचं. एक वर्ष माझा ऊस जळाला, त्याचा जगला. मी म्हटलं, तू माझ्या पाळीत मोटर चालवलीस. तो म्हणाला, नाही. नऊ वर्षं आम्ही बोललो नाही. त्या नऊ वर्षांत मी एक रविवार चुकवला नाही, उपास चुकवला नाही. आणि व्यासपीठावरून गलतीकरांचं पत्र सोडवून सांगत होतो!

एका नात्यातल्या लग्नात पंगत बसली. पान वाढलं, बुंदी पडली, आणि धाकटा येऊन समोरच्या ओळीत बसला. मी उठलो. म्हटलं, आज माझं पोट ठीक नाही. भावाच्या देखत, भावजयीच्या देखत, पोराबाळांच्या देखत उठलो.

दोनेक वर्षांनी शेजारच्या गावी हेच आख्यान केलं. कीर्तन संपल्यावर एका म्हाताऱ्या आजीनं माझं मनगट धरलं. ती त्या लग्नात वाढायला होती. म्हणाली, "बुवा, पेत्र उठला ते लई चांगलं सांगितलंत. तुम्ही उठला होता, ते कधी सांगनार?"

भाविकहो, मला अनेक विद्वानांनी प्रश्न विचारले आहेत, त्यांना मी उत्तरं दिली आहेत. त्या आजीला मला उत्तर देता आलं नाही. तो माझा पौल होता, लुगडं नेसून आलेला.

पुढं किती दिवस गेले. एका रात्री, शेतीची लाईट रात्रीची होती, मी विहिरीवर गेलो. धाकटा स्टार्टरची पेटी उघडून बसला होता, दातात बॅटरी धरून. मी जाऊन उभा राहिलो. वाटेत पुष्कळ वाक्यं जुळवली होती, कीर्तनकार ना मी! एक आठवेना. त्यानं वर पाहिलं, दातातली बॅटरी काढली, माझ्याकडे केली आणि म्हणाला, "दादा, जरा धर." मी धरली. अर्धा तास धरून उभा होतो. मोटर सुरू झाली. मग त्याच्या घरी जाऊन चहा घेतला. भावजयीनं काही विचारलं नाही, नुसती भाकरी टाकली आणि दोन पानं मांडली.

पाळीचं अजून पुरतं ठरलेलं नाही. माझा ऊस कोणामुळं जळाला तेही अजून ठरलेलं नाही. पण आता आम्ही एका पंगतीत बसतो.

आता मला सांगा, त्या रात्री बॅटरी धरून मी तारण मिळवलं का? नाही हो. अर्धा तास बॅटरी धरून ते मिळत असतं तर ख्रिस्ताला वधस्तंभावर जायची गरजच नव्हती. त्याच्या शेजारी खिळलेला चोर आठवा. त्याचे हात खिळलेले, पाय खिळलेले. उपास नाही, यात्रा नाही, बाप्तिस्माही नाही. एक हाक मारली, माझी आठवण ठेव, आणि त्याच दिवशी स्वर्गात गेला. तारण फुकटच आहे, शेवटच्या श्वासालाही फुकट आहे.

मग त्या रात्री झालं काय? फुकट मिळालेलं अन्न पहिल्यांदा माझ्या अंगाला लागलं. नऊ वर्षं मी जेवत होतो, पण अंगाला लागत नव्हतं. विश्वासाचं घेणं तोंडात राहिलं होतं, प्रीतीचं देणं हातात उतरलं नव्हतं. आणि तरी प्रभूनं मला पंगतीतून उठवलं नाही, हे माझं आश्चर्य आहे. उठलो होतो मी. त्यानं माझं पान तसंच राखून ठेवलं होतं.

तेव्हा यात्रेकरू दादा, चाळीस दिवस उपास करणाऱ्या, तुझा उपास वाया नाही. पण तो देवाला दिलेला हप्ता समजू नको. बापानं आधीच घरात घेतलं आहे, त्या आनंदाचा तो उपास कर, आणि वाचलेली भाकरी शेजारी दे. आणि विश्वासानं तारण झालं म्हणणाऱ्या माझ्या भावा, तुझं म्हणणं सोळा आणे खरं आहे. फक्त घरी गेल्यावर बघ, तुझ्या येण्यानं कोण पंगतीतून उठतं, आणि कोणाच्या येण्यानं तू उठतोस.

हे वाचणाऱ्या मायबापा, पुस्तक मिटण्याआधी एक नाव मनात आणा. प्रत्येकाला एक नाव असतंच. सासू असेल, सून असेल, भाऊ असेल, गावातला कोणी असेल. लगेच जाऊन मिठी मारा, असं मी म्हणत नाही. कोणी जिवावर उठलेला असेल, कोणी अत्याचार केला असेल, तिथं लांब राहणंही देवाला कळतं. तिथं प्रार्थना पुरे. पण नुसत्या मानापानासाठी, काट्यावरच्या चार किलोंसाठी उठला असाल, तर प्रभूनं तुमचं पान अजून राखलं आहे आणि समोरच्याचंही राखलं आहे.

हे प्रभू येशू ख्रिस्ता, आम्हाला तुझ्या हातून घेण्याइतका विश्वास दे, आणि घेतलेलं वाटण्याइतकी प्रीती दे. तुझी आज्ञा आमच्या गळ्यातलं लोढणं न होता पायातली वहाण होवो. तुझ्या पंगतीतून आम्ही उठलो तर पुन्हा हाताला धरून बसव. आमेन.

विश्वासाने घ्यावे, प्रीतीने द्यावे ।
ख्रिस्ताचे होऊनी ख्रिस्तासाठी जगावे ॥

बोला, प्रभू येशू ख्रिस्ताचा जय!